मिस्त्रींचा आकडा आणि काकूंचे कान

काकूंना लग्नाआधी मोटारीबद्दल एवढंच ठाऊक होतं, की ती पुढे जाते आणि मनात आलं तर मागेही जाते. लग्नानंतर मिळालेलं घर म्हणजे गॅरेजच्या पाठीमागच्या दोन खोल्या. स्वयंपाकघर आणि गॅरेज यांच्यात एकच दार होतं आणि ते लावलेलं कुणी कधी पाहिलं नाही. सुरुवातीला काकूंनी त्या दाराकडे पाठ केली. मग हळूच वाकून पाहू लागल्या. मग एक दिवस त्यांनी शटरजवळ स्वतःची खुर्ची टाकली आणि ज्या बसल्या त्या बसल्याच.

बसल्या कशाला, तर नवऱ्याचा कारभार बघवेना म्हणून. मिस्त्रींच्या हातात जादू होती, पण डोक्यात इंजिनाशिवाय दुसरं काही शिरत नसे. एका गाडीचं इंजिन काढून टांगायचे, दुसरीचं काढायला घ्यायचे आणि मग आठवायचं की टांगायची साखळी एकच आहे. इंजिनाचे भाग कातून देणाऱ्या लेथवाल्याकडे नेमके त्याच्या सुट्टीच्या दिवशी जायचे. सुटा भाग मागवायचे, तो सगळी गाडी जोडून झाल्यावर. शेवटी काकूंनी खडू हातात घेतला. भिंतीवर काळा फळा होता, त्यावर गाडीच्या नावाखाली कामं ओळीने लिहिली. आधी काय उघडायचं, लेथवाल्याकडे काय पाठवायचं, तो ते परत देईपर्यंत काय धुऊन पुसून ठेवायचं. मिस्त्रींनी फळा पाहिला, मान हलवली, आणि तेव्हापासून गॅरेज मिस्त्री हातांनी चालवायचे आणि काकू खडूने. गल्लीत त्यांना सगळेच काकू म्हणत. समोरचा टायरवाला त्यांच्यापेक्षा चांगला वयाने मोठा, पण तोही काकूच म्हणे. त्यावर काकूंनी त्याला काका म्हणून फिट्टंफाट करून टाकली होती.

फळ्यावर सगळ्यात वर असायचा आकडा. म्हणजे कामाचा भाव. आणि या आकड्याच्या बाबतीत मिस्त्रींचा एक हट्ट होता, जो दुसऱ्या कुठल्या गॅरेजात तुम्हाला सापडणार नाही. गाडीला पाना लावायच्या आधी भाव सांगायचा आणि एकदा सांगितला की तो बदलायचा नाही. आत काहीही निघो. फळ्यावर चढलेला आकडा पुसला जायचा तो गाडी गॅरेजबाहेर पडल्यावरच. मिस्त्री ज्या उस्तादाकडे काम शिकले तो आधी थोडके पैसे सांगायचा आणि इंजिन खोलून जमिनीवर मांडलं की भाव चढवायचा. गिऱ्हाईक बिचारं सुट्या भागांकडे बघत हो म्हणायचं, दुसरं करणार काय? "पोट फाडून झाल्यावर पैसे मागणारा डॉक्टर तो," असं मिस्त्री म्हणायचे, आणि आपण तसं कधी करणार नाही हे त्यांनी तरुणपणीच ठरवून टाकलं होतं.

आता पोट न फाडता आजार ओळखायचा तर कान हवेत. मिस्त्रींना ते होते. लांब दांड्याचा पेचकस इंजिनाला टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, आणि चहा गार व्हायच्या आत निकाल. खोलल्यावर तेच निघायचं. त्या कानांवर त्यांनी मुलीचं शिक्षण केलं, लग्न केलं आणि छपरावरचे पत्रेही बदलले.

आणि काकू? काकू खुर्चीत भाजी निवडत बसायच्या आणि त्यांचा आपला एक खेळ चालायचा. वळणावरून गाडीचा आवाज आला की मनातल्या मनात ओळखायचं, हिला काय झालंय. मग मिस्त्री काय म्हणतात ते ऐकायचं. सुरुवातीला त्या रोज हरायच्या. मग कधीमधी जिंकायला लागल्या. पुढे पुढे तर दोघांचं उत्तर इतकं जुळायचं की मिस्त्रींनी तोंड उघडायच्या आधीच त्यांचा खडू फळ्याला टेकलेला असायचा. मिस्त्रींना वाटायचं, बायको चटपटीत आहे. खेळाबद्दल काकूंनी कधी अवाक्षर काढलं नाही. नवऱ्याला सगळंच सांगायचं तर मग आपल्याजवळ राहिलं काय?

गेल्या काही दिवसांत मात्र खेळात गडबड व्हायला लागली.

आधी फोनवर. मुलगी दर आठवड्याला फोन करायची आणि मिस्त्री म्हणायचे, "या फोनमध्ये काही दम नाही." नवा फोन आणला, तर म्हणाले, "मुलगीच हल्ली पुटपुटते." मग टायरवाला पुटपुटायला लागला, लेथवाला पुटपुटायला लागला. सगळं जग पुटपुटतंय आणि एकट्या मिस्त्रींचेच कान शाबूत, अशी परिस्थिती आली. काकूंनी एकदा धीर करून म्हटलं, "अहो, एकदा कान दाखवून येऊ या का?" त्यावर मिस्त्री असे भडकले की बोलायची सोय राहिली नाही. "या कानांवर घर उभं आहे," ते म्हणाले, "त्यांना नावं ठेवू नकोस." आणि मग घरात असा अबोला धरला की चहासुद्धा खुणेने मागायचे. काकूंनी कानाला खडा लावला.

पण फळा काही अबोला धरत नव्हता. पूर्वी फळ्यावर प्रत्येक गाडीचं काम निराळं असायचं. आता जी गाडी येईल तिच्याखाली तेच. इंजिन उतरवणे, पूर्ण खोलणे, आतला मोठा दांडा म्हणजे क्रँक लेथवाल्याकडे, त्याची बेअरिंगं नवी. म्हणजे सर्दी झालेल्यालाही ऑपरेशन आणि खोकला झालेल्यालाही ऑपरेशन. हे का होतंय ते काकूंनी बरोबर ओळखलं. एका टॅक्सीला मिस्त्रींनी किरकोळ भाव सांगितला होता, खोलल्यावर आतून इंजिनाचा पार चुराडा निघाला, आणि शब्दाखातर ते काम त्यांनी पदरमोड करून केलं. त्या दिवसापासून ते घाबरले. नीट ऐकू येत नाही, आकडा तर नंतर वाढवायचा नाही, मग करायचं काय? आधीच सगळ्यात मोठा आकडा सांगून मोकळं व्हायचं.

बरं, सांगितला तरी निदान पैसे खिशात घालावेत! तेही नाही. पूर्ण कामाचे पैसे घेतलेत म्हणून मिस्त्री पूर्ण काम करायचे. धडधाकट बेअरिंगं काढून नवी घालायचे. भंगाराच्या डब्यात काकूंना ती सापडायची, बोट फिरवलं तर आरशासारखी गुळगुळीत, अजून कितीतरी वर्षं चालली असती अशी. काकू ती पदराने पुसायच्या आणि परत डब्यात टाकायच्या.

गल्लीला यातलं काय माहीत? गल्लीला फक्त आकडा दिसत होता. "मिस्त्रीला म्हातारपणी हाव सुटली," असं लोक म्हणायला लागले. मोठ्या रस्त्यावर काचेचं ऑफिस असलेलं नवं गॅरेज निघालं होतं, तिकडे गिऱ्हाइकं वळली. ज्या माणसाने आयुष्यात कुणाच्या हिशेबात वॉशरची एक चकती जास्त लावली नाही, त्याला लोकांनी हावरट म्हणावं, हे काकूंच्या जिव्हारी लागलं होतं. खरं सांगून टाकावं असं त्यांना शंभरदा वाटलं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुमचे कान गेले आणि माझे आहेत? मग त्या माणसाकडे उरलं काय? धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली होती.

अशात एक दिवस चढावरून ती गाडी आली.

आधी आवाज आला. खणखणीत, जुन्या काळचा, आणि त्याच्याखाली एक बोथट ठोका. ठक, ठक, ठक. काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग वळणावरून गाडी दिसली. बाटलीसारखी हिरवी, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, लांबलचक नाकाची आणि आत जेमतेम दोन माणसांपुरती जागा. अशी स्पोर्ट्स कार गल्लीत कधी आलीच नव्हती. टायरवाला काम टाकून बाहेर आला. चालवत होत्या एक साठी उलटलेल्या बाई, पाठ ताठ, केस घट्ट बांधलेले.

"मी हॉस्पिटलात सिस्टर होते," उतरता उतरता त्यांनी सांगून टाकलं. "रिटायर झाले आणि ही घेतली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, सगळे हसून झालेत. मुलगा म्हणतो, आई, तुझं डोकं फिरलंय."

"छान फिरलंय," काकू म्हणाल्या.

सिस्टरबाई काकूंकडे बघून पहिल्यांदा हसल्या आणि मग बोलतच सुटल्या. नोकरीला लागल्या तेव्हा हॉस्पिटलच्या फाटकात अशीच एक गाडी उभी असायची, मोठ्या सर्जनची. ड्यूटी संपवून दुखऱ्या पायांनी बससाठी जाताना त्या तिच्या टपावरून एक बोट फिरवायच्या, रोज, कुणी बघत नाही असं पाहून. आता फंडाच्या पैशातून ही मिळाली, कुणाच्या तरी पत्र्याच्या शेडमध्ये कोंबड्या बसायच्या हिच्यावर. रंग झाला, गाद्या झाल्या, आणि इंजिन ठोकायला लागलं. काचेच्या ऑफिसवाल्यांनी सांगितलं, इंजिनच बदला. "तुम्ही पाना लावायच्या आधी भाव सांगता आणि तो फिरवत नाही, असं ऐकलं," त्या मिस्त्रींना म्हणाल्या. "मला तेच हवंय. माझ्याकडे इंजिनासाठी बाजूला काढलेले आहेत थोडे. तेवढ्यात बसलं तर करू, नाहीतर एक घेणारा आहे, त्याला देऊन टाकेन. तो म्हणे सुटे भाग करून विकतो."

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि त्यांचा चेहरा उजळला. अशा इंजिनावर हात ठेवायला मिळणं हे त्यांच्या दृष्टीने सणासारखं होतं. पेचकस टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. "चालू करा. रेस द्या. सोडा. आता क्लच दाबा."

सिस्टरबाईंनी क्लच दाबला. त्यांचा सगळा जीव त्या पायात गोळा झालेला, त्यांना कुठलं दुसरं काही ऐकू येतंय. पण खुर्चीत बसलेल्या काकूंना स्पष्ट ऐकू आलं. ठोका थांबला.

"सोडा," मिस्त्री म्हणाले. ठोका पुन्हा सुरू. "परत दाबा." पुन्हा बंद.

काकूंचा जीव भांड्यात पडला. हे तर सोपं होतं. क्लच दाबल्यावर थांबणारा ठोका इंजिनाच्या पोटातला नसतोच. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये, क्रँकच्या टोकावर, एक जड चाक असतं, फ्लायव्हील, त्याचे बोल्ट सैल झाले की ते असं ठोकतं. गिअरबॉक्स उतरवायचा, बोल्ट नवे घालून आवळायचे. इंजिनाला हातही लावायचा नाही. सिस्टरबाईंच्या पैशात आरामात बसेल. काकूंनी खडू उचलला.

मिस्त्री कितीतरी वेळ तसेच उभे होते. पूर्वी एवढा वेळ लागत नसे. कपाळावर घाम आला होता. शेवटी त्यांनी पेचकस खाली घेतला आणि म्हणाले, "खालचं गेलंय. क्रँक, बेअरिंगं, सगळं. इंजिन उतरवून नव्याने बांधावं लागेल." आणि आकडा सांगितला.

त्या आकड्यात एक बरी चालू गाडी आली असती. सिस्टरबाईंनी आयुष्यभर लोकांना वाईट बातम्या सांगितल्या होत्या, त्यामुळे ऐकायची कशी हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मान डोलावली, गाडीच्या टपावरून एक बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बरं केलंत, आधी सांगितलंत. आज हिला चालवत न्यायचं माझ्यात बळ नाही. उद्या सकाळी येऊन घेऊन जाते, तो माणूसही उद्याच यायचाय."

काकूंनी फळ्यावर आकडा लिहिला. लिहिताना खडू मोडला.

संध्याकाळी मिस्त्री जेवायला बसले ते घास चिवडत. "चांगली गाडी होती," ते म्हणाले. काकूंनी ऐकून घेतलं. मनात म्हणाल्या, होती काय, आहे, दारापलीकडे उभी आहे, आणि आजार रेड्याला नि औषध पखालीला म्हणतात तसं आपण तिचं करून ठेवलंय. त्यांना नवऱ्याचा राग आला, आणि त्या रागाच्या खाली इतकी माया आली की उठून त्यांनी उगाचच त्याच्या ताटात वाढलं. हा माणूस दिवसभर घाम गाळून खोटा पडू नये म्हणून धडपडतो आणि रोज थोडा थोडा खोटा पडतो. आणि हे उघड्या डोळ्यांनी बघत बसणारी आपण कोण? आपणही त्यात आलोच की. हरलेल्या खेळाडूला रोज जिंकलास म्हणून टाळ्या वाजवायच्या, याला माया म्हणत नाहीत.

सकाळी मिस्त्री हात धुऊन गॅरेजात आले तेव्हा हिरव्या गाडीत काकू बसल्या होत्या. चालवायच्या जागेवर. पदर खोचलेला आणि किल्ली फिरवलेली.

"अगं ए! काय करतेस? उतर खाली!"

इंजिन सुरू झालं. काकूंनी उभ्या जन्मात गाडी चालवली नव्हती, पण कुठला पाय कशावर हे इतकी वर्षं बघून कुणालाही कळेल. मिस्त्री धावत आले आणि किल्ली काढायला दारातून आत वाकले. वाकताना त्यांनी आधारासाठी हात टेकला तो नेमका दोन जागांच्या मधल्या गिअरच्या दांड्यावर. दांडा ठोक्याबरोबर थरथरत होता. काकूंनी क्लच दाबला.

मिस्त्रींच्या तळव्याखालची थरथर थांबली.

त्यांचा दुसरा हात किल्लीकडे निघाला होता तो वाटेतच राहिला. काकूंनी क्लच सोडला. थरथर परत आली. दाबला, गेली. मिस्त्री तसेच वाकलेले, रागावल्याचं त्यांच्या लक्षातही राहिलं नाही.

"परत," ते म्हणाले.

काकूंनी परत केलं.

"परत कर."

मग त्यांनी स्वतःच किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, गाडीला वळसा घालून आले आणि शेजारच्या जागेवर बसले. इतकी बुटकी गाडी, दोघांचेही गुडघे पार छातीशी आलेले. समोर भिंत, भिंतीवर फळा, फळ्यावर तो आकडा.

"फ्लायव्हील," मिस्त्री म्हणाले.

"हो. क्लच दाबून बघ, थांबला तर पोट फाडू नकोस. तुमचंच वाक्य आहे. त्या दुधाच्या गाडीच्या वेळी लेथवाल्याला सांगितलं होतंत."

"तुला काल कळलं?"

"कालच."

"आणि आधीच्या गाड्यांचं?"

काकूंनी भंगाराच्या डब्याकडे पाहिलं. मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना उत्तर मिळालं.

"गोधडी पांघरून ऐकल्यासारखं येतं सगळं," ते म्हणाले. कुणाला तरी पहिल्यांदाच सांगत होते. "ठोका आहे हे कळतं. कुठे आहे, कधी थांबला, ते नाही कळत. मला भीती वाटायची गं. एक दिवस सांगेन एक आणि निघेल भलतंच. म्हणून मोठाच सांगायचो. लोक मला हावरट म्हणतात, ठाऊक आहे मला."

"लोकांना काय कळतंय. तुम्ही हावरट नाही, घाबरट आहात."

मिस्त्री हसले. हसता हसता डोळे पुसले, ते तेलकट हाताने, त्यामुळे गालावर काळा पट्टा उठला. "मग माझ्याकडे राहिलं काय?" त्यांनी विचारलं. काकूंना ज्या प्रश्नाची इतके दिवस धास्ती होती तो हाच.

"हात राहिले की," काकू म्हणाल्या. "मला साधा बोल्ट फिरवता येत नाही. आणि ऐकायचं म्हणाल तर मी ऐकेन. तुम्हाला मी काही परकी आहे?"

सिस्टरबाई आल्या तेव्हा कालच्यापेक्षाही ताठ चालत होत्या. मिस्त्री फळ्याजवळ उभे होते. त्यांनी काही बोलायच्या आधी हाताच्या पंजाने फळ्यावरचा आकडा पुसला. त्या फळ्यावरचा आकडा गाडी गॅरेजात असताना पुसला गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. समोरचा टायरवाला हातातला टायर तसाच धरून बघत राहिला.

"बाई, काल मी चुकलो," मिस्त्री म्हणाले. "मला नीट ऐकू येत नाही. हिला येतं. इंजिन चांगलं आहे तुमचं." आणि काकूंकडे वळून म्हणाले, "आकडा सांग."

"मी?"

"ऐकलं कुणी? मग सांगायचा कुणी?"

काकूंनी पुसलेल्या फळ्याकडे पाहिलं. खुर्चीत बसून मनातल्या मनात जिंकणं वेगळं. आता बोललेला शब्द फिरवता येणार नव्हता, आत काहीही निघालं तरी. सैल फ्लायव्हीलने क्रँकचं टोकच खाऊन टाकलं असेल तर? आपणच चुकलो असू तर? मग नवऱ्याचं उरलंसुरलं नाव आपल्या हातून जायचं. मिस्त्री इतकी वर्षं ही भीती रोज गिळत होते, हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनी श्वास घेतला आणि आकडा सांगितला. गिअरबॉक्स उतरवणं, बोल्ट, क्लचप्लेट, ऑइल आणि दोघांची मजुरी.

सिस्टरबाई बाकावर बसल्या. "तेवढे आहेत माझ्याकडे," त्या म्हणाल्या आणि मग नाक शिंकरलं. सावरल्यावर मात्र त्यांच्यातली सिस्टर जागी झाली. "आणि तुम्ही हो मिस्त्री, ऐकू येत नाही आणि घरी बसून आहात? माझी गाडी झाली की तिची पहिली फेरी कानाच्या डॉक्टरकडे. शेजारी तुम्ही. नाही म्हणायचं नाही."

"काय म्हणाल्या?" मिस्त्रींनी विचारलं.

"बरं म्हणा," काकू म्हणाल्या.

"बरं," मिस्त्री म्हणाले.

गिअरबॉक्स उतरला त्या दिवशी काकू स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मधलं दार लोटून घेतलं. पातेलं घासलं, तेच पातेलं पुन्हा घासलं. बाहेर पाना पडल्याचा आवाज झाला, मग काहीच नाही. मग मिस्त्रींची हाक आली, "अगं, ये इकडे!"

आवाजावरून चांगलं की वाईट ते कळेना. काकू गेल्या. मिस्त्री गाडीखाली आडवे, फक्त पाय बाहेर. "वाक आणि हात घाल," ते म्हणाले. काकूंनी वाकून हात घातला. मिस्त्रींनी त्यांचं बोट धरून एका बोल्टवर ठेवलं. तो बोटानेच फिरला. दुसरा फिरला. तिसऱ्याचं तर डोकंच तुटून हातात आलं. आणि मागचं क्रँकचं टोक मात्र शाबूत, एक ओरखडा नाही. काकू तिथेच तेलाच्या डागांवर फतकल मारून बसल्या आणि मोठमोठ्याने हसायला लागल्या. मिस्त्रींना ते हसू ऐकू आलं.

गाडी जोडून झाली तेव्हा सिस्टरबाई शटरजवळ काकूंच्या खुर्चीत येऊन बसल्या होत्या. काम झालं की गाडी एकदा चढाच्या रस्त्याने फिरवून आणायची आणि मगच ताब्यात द्यायची, हाही मिस्त्रींचा जुना नेम. ते चालवायच्या जागेवर बसले आणि त्यांनी पलीकडचं दार आतून उघडलं.

"बस."

"मी कशाला?"

"मग ऐकणार कोण?"

काकू बसल्या. कापडी छप्पर मागे दुमडलेलं होतं. वाऱ्यात बोललेलं आपल्याला ऐकू येणार नाही हे मिस्त्रींनी आधीच ताडलं होतं. त्यांनी काकूंचा हात उचलला आणि आपल्या गुडघ्यावर ठेवला. "काही खटकलं तर बोटाने ठोक," ते म्हणाले. "जसं ऐकू येईल तसंच ठोक."

गाडी गल्लीतून निघाली. टायरवाल्याने सलाम ठोकला. लाँड्रीवाली इस्त्री उचलून बघत राहिली. शाळेच्या भिंतीजवळून गाडी वळली आणि चढाला लागली. मिस्त्रींनी वेग वाढवला, गिअर बदलला, पुन्हा वाढवला. काकूंचे केस सुटले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, जसे मिस्त्री पूर्वी मिटायचे. इंजिनाचा आवाज भरून आला होता, आणि त्याच्याखाली काहीच नव्हतं.

मिस्त्री रस्त्याकडे बघत होते आणि त्यांचं सगळं लक्ष गुडघ्याकडे होतं. चढ संपला, उतार लागला, क्लच दाबला, सोडला. काकूंचा हात गुडघ्यावर तसाच होता, निवांत. तो एकदाही हलला नाही.